रागांचं पुस्तक हाताशी घेऊन रेकॉर्डिंगचा संग्रह कसा उभा करावा

आमच्या वावरात मोटरच्या खोलीत स्टार्टरच्या वर एक फळी ठोकलेली आहे. तिच्यावर टेस्टर, ग्रीसचा डबा, फ्यूजची तार आणि खताच्या पोत्याच्या आतल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं एक पुस्तक असतं. गेल्या अकरा वर्षांत माझ्याकडे जे काही रागसंगीत जमलं ते या पुस्तकाच्या आधारानं. आज ४३ राग आहेत आणि २६० च्या आसपास रेकॉर्डिंग. आकडा मोठा नाही. पण त्यातलं प्रत्येक रेकॉर्डिंग मी निदान तीनदा अथपासून इतिपर्यंत ऐकलेलं आहे आणि कोणतं कशासाठी ठेवलं हे मला सांगता येतं. जवळपास मैफल होत नाही, शिकवणारं कोणी नाही, अशा गावात राहून हे कसं जमवायचं, ते सांगतो.

माझी वरुड तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, चार एकर संत्र्याची बाग आहे. गाण्याची ओढ लागली ती बाबांच्या ट्रान्झिस्टरमुळे. सकाळी विविध भारतीवर ‘संगीत सरिता’ लागायची. पंधरा मिनिटांत एका रागाचे आरोह-अवरोह (सुरांची चढण-उतरण), त्यातलं सिनेमाचं एखादं गाणं आणि थोडं शास्त्रीय. शनिवारी रात्री संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लागायचा. तो १९५२ पासून चालत आलेला. बाबांना रागाचं नाव कळायचं नाही, पण निवेदक नाव सांगायचा तेव्हा ते हात वर करून सगळ्यांना गप्प बसवायचे. तेवढं नाव ऐकून घ्यायचं आणि मग गाणं. ही सवय मला त्यांच्याकडूनच लागली.

पुस्तक हाती आलं नागपुरात. कळमन्याच्या मार्केटमध्ये आंबिया बहाराचा माल उतरवला, लिलाव झाला, पट्टी हातात पडली आणि गाडी परत निघायला अजून चार तास होते. सीताबर्डीला जुन्या पुस्तकांच्या ढिगात ‘द राग गाइड’ दिसलं. योप बोर यांनी संपादित केलेलं, निंबस या कंपनीनं १९९९ साली काढलेलं. त्यात ७४ राग आणि सोबत ४ सीडी. बासरी हरिप्रसाद चौरसियांची, सरोद बुद्धदेव दासगुप्तांचं, गायन श्रुती सडोलीकर-काटकर आणि विद्याधर व्यास यांचं. माझ्या प्रतीत चौथी सीडी नव्हती, तरी मी ते घेतलं. पुस्तक इंग्रजीत आहे. माझी पुतणी तेव्हा अमरावतीला शिकायला होती. ती सुटीत आली की एकेका रागाचं पान वाचून दाखवायची आणि मी मराठीत समासात लिहून घ्यायचो. तुमच्याजवळ हेच पुस्तक असलं पाहिजे असं नाही. रागांची नीट माहिती देणारं कोणतंही चालेल. भातखंड्यांची ‘क्रमिक पुस्तक मालिका’ जिल्ह्याच्या ग्रंथालयात मिळू शकते. सांगायचं आहे ते पुस्तक कसं वापरावं याबद्दल.

पहिल्या वर्षी मी ते चुकीचं वापरलं. ७४ रागांची यादी म्हणजे ७४ वस्तू, किराण्याच्या चिठ्ठीसारखी एकेकावर काट मारत जायची, असं समजून बसलो. एका उन्हाळ्यात साठ राग गोळा केले. जे मिळेल ते, ज्याचं मिळेल त्याचं. मोबाइलचं कार्ड भरलं आणि मला कशातलंच काही ओळखू येईना. त्यात एक ‘निवडक’ म्हणून सीडींचा संच पैसे देऊन घेतला होता. त्यात प्रत्येक गाणं सहाव्या मिनिटाला हळूहळू बारीक होऊन संपायचं. गायक नुकता मध्य सप्तकात आलेला असायचा आणि आवाज विरून जायचा. म्हणून पहिली सूचना हीच: तुकडे घेऊ नका. ज्या संचात बडा ख्याल (संथ, विलंबित लयीतला) आणि त्याच्यामागचा छोटा ख्याल (जलद, द्रुत लयीतला) पूर्ण नाही, तो फुकट मिळाला तरी ठेवू नका.

मग मी सगळं पुसून टाकलं आणि पुस्तकाचा क्रम मोडला. ते असं.

पुस्तकात राग रोमन अक्षरांच्या क्रमानं आहेत. अभोगी, अडाणा, अहिरभैरव. पान शोधायला हे सोयीचं आहे, ऐकायला नाही. अभोगी रात्रीचा, अहिरभैरव सकाळचा. एक वही घ्या आणि सगळे राग घड्याळाप्रमाणे पुन्हा मांडा. दिवसाचे चार आणि रात्रीचे चार, असे आठ प्रहर, प्रत्येक तीन तासांचा. सकाळी भैरव, मग तोडी, जौनपुरी. दुपारी सारंगाचे प्रकार, उतरत्या दुपारी भीमपलास, मुलतानी, पटदीप. दिवेलागणीला मारवा, पुरिया धनाश्री, श्री. मग यमन, भूप, हमीर, केदार. रात्र चढली की बिहाग, बागेश्री, जयजयवंती. मध्यरात्री मालकंस, दरबारी, अडाणा. पहाटेच्या आधी सोहनी, ललत. बसंत, बहार आणि मल्हाराचे प्रकार ऋतूंचे, त्यांचं पान वेगळं.

आता या वहीत स्वतःचा दिवस ठेवून पाहा. हात गुंतलेले आणि कान मोकळे, असा वेळ कोणता? कोणाचं पहाटेचं दूध काढणं असेल, कोणाची दुपारची शिलाई मशीन, कोणाचा जिनिंगमधला रात्रीचा काटा. त्या प्रहराचे तीन राग निवडा. तीनच. सहा महिने तेवढेच.

माझं घड्याळ थ्री फेजनं ठरवलं. शेतीच्या फीडरला एक आठवडा दिवसा वीज आणि पुढचा आठवडा रात्री, असं आमच्याकडे कित्येक वर्षं चाललं. रात्रीच्या आठवड्यात मोटर चालू करून ओलीत करायचं. एका ओळीची आळी भरली की पाणी पुढच्या ओळीला लावायचं, त्याला पाऊण तास लागतो. एक विलंबित ख्याल आणि त्यामागचा द्रुत, दोन्ही नेमके तेवढ्या वेळात बसतात. म्हणून माझे पहिले तीन राग बागेश्री, मालकंस आणि दरबारी. सहा महिन्यांनी मालकंस कोणत्याही वाद्यावर, कोणत्याही गळ्यातून, पहिल्या अर्ध्या मिनिटात ओळखू येऊ लागला. रिषभ (रे) नाही, पंचम (प) नाही, बाकी सगळे सूर कोमल आणि मध्यम (म) शुद्ध. पुस्तकात हे दोन ओळींत लिहिलेलं असतं. पण रात्री दीड वाजता, पाण्याच्या आवाजामागून, वारंवार मध्यमावर येऊन विसावणारा गळा ऐकला की त्या दोन ओळी समजतात. (जागलीला असाल तर इअरफोन एकाच कानात घाला. दुसरा कान रानडुकरांसाठी मोकळा ठेवावा लागतो.)

दिवसाच्या आठवड्याचा मला जो फायदा झाला, तो तुम्हालाही होईल. मैफली बहुतेक संध्याकाळी असतात, त्यामुळे दुपारचे राग शहरातल्या रसिकालाही समोर बसून क्वचित ऐकायला मिळतात. सारंग, गौड सारंग, मुलतानी हे राग रेकॉर्डिंगमुळेच भरपूर ऐकता येतात. भर दुपारी संत्र्याच्या सावलीत भीमसेन जोशींचा वृंदावनी सारंग ऐकून पाहा. या बाबतीत शहरवाल्यांपेक्षा आपला दिवस बरा आहे.

राग निवडला की पुस्तकाचं पान लगेच उघडू नका. आधी ऐका. गाइडच्या सीडीवर प्रत्येक राग तीन ते सहा मिनिटांचा आहे. एवढ्यात राग संपूर्ण उलगडत नाही, पण चेहरा दिसतो. तो चार-पाच वेळा ऐका, गुणगुणता येईल तेवढा गुणगुणा, आणि मग पान वाचा. थाट (रागाचं मूळ कुळ), आरोह, अवरोह, वादी (सगळ्यात महत्त्वाचा सूर), संवादी (त्याच्या खालोखालचा), पकड (राग ओळखू येतो ती सुरावट). आधी वाचलं की माणूस कानानं शोधत नाही, डोळ्यानं वाचलेलंच कानात शोधत बसतो. माझ्या पुतणीनं वाचून दाखवलेल्या पहिल्या दहा रागांबाबत माझं असंच झालं. तिनं सांगितलेलं मला पाठ होतं आणि राग वाजला तर कळत नव्हतं.

यानंतर संग्रहाला सुरुवात. एका रागाची तीन रेकॉर्डिंग, तीन वेगळ्या कलाकारांची आणि तीन वेगळ्या लांबीची. एक जुन्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीवरचं, जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांचं. एक एलपीच्या, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या मोठ्या तबकडीच्या काळातलं, एका बाजूला मावेल असं वीस-बावीस मिनिटांचं. आणि एक मैफलीतलं, चाळीस मिनिटं किंवा तासाभराचं. ही लांबीची गोष्ट मला कोणत्याही पुस्तकात सापडली नाही, ऐकता ऐकता लक्षात आली, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगाची हीच आहे. तबकडीवाल्या कलाकाराला तीन मिनिटांत रागाचं सगळं सत्त्व द्यायचं असतं, त्यामुळे पकड लगेच समोर येते. एलपीवर आखीव मांडणी असते, काही सांडत नाही. मैफलीत मात्र कलाकार एखाद्या सुराशी दहा मिनिटं रेंगाळतो, श्रोते दाद देतात, पुन्हा मागे येतो. एकच राग या तिन्ही मापांनी मोजला की त्याचं शरीर कळतं.

भीमपलासाचं उदाहरण घ्या. तबकडी म्हणून अब्दुल करीम खाँसाहेबांचं ‘प्रेम सेवा शरण’. नाट्यपद आहे, पण भीमपलासाचा निषाद (नी) आणि मध्यम त्यात जसे लागतात, ते एकदा ऐकलं की विसरत नाही. मग त्यांच्याच परंपरेतले, सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेनजी. आणि तिसरं निखिल बॅनर्जींची सतार, म्हणजे शब्दांचा आधार सुटतो आणि नुसता राग उरतो. तिसरं रेकॉर्डिंग वाद्याचं घ्या, हा माझा आग्रह आहे. बंदिशीच्या तोंडावरून राग ओळखायची सवय लागली तर ती मोडायला फार वेळ लागतो.

आता जोड्यांबद्दल. इथे पुस्तक आणि रेकॉर्डिंग दोन्ही एकदम हवेत, एकट्यानं कोणीच पुरं पडत नाही.

भूप आणि देशकार यांची पानं शेजारी ठेवा. सा रे ग प ध, दोन्हीत हेच पाच सूर, सगळे शुद्ध. कागदावर एकच राग वाटेल. आमच्या गावच्या भजन मंडळात एक पेटीवाले काका आहेत. तुकडोजी महाराजांची भजनं गाणाऱ्यांच्या मागे त्यांनी चाळीस वर्षं पेटी वाजवली. मी पुस्तक घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि विचारलं, हे दोन राग वेगळे कसे? त्यांनी पान पाहिलंच नाही. पेटीवर पाचही सूर वाजवले आणि म्हणाले, “सूर तेच हायेत बापू. भूपात गांधारावर बसा लागते, देशकारात धैवतावर. घर तेच, बसाची जागा दुसरी.” पुस्तकात वादी गांधार (ग), संवादी धैवत (ध) आणि दुसऱ्यात नेमकं उलटं असं जे लिहिलं आहे, ते हेच. भूप संध्याकाळचा, देशकार सकाळचा.

घरी येऊन मी एक प्रयोग केला, तो तुम्हीही करा. किशोरी आमोणकरांचा भूप लावा, ‘प्रथम सूर साधे’. कागदावर पाच रकाने पाडा, एकेका सुराचा एकेक. पहिली पाच मिनिटं गळा जिथे जिथे थांबतो, त्या रकान्यात रेघ मारा. सुरुवातीला सूर ओळखू येत नाहीत, तेव्हा पेटी किंवा मोबाइलवरची पेटी जवळ ठेवा आणि थांबा आला की तो सूर दाबून पाहा. नंतर देशकारासाठी तसाच कागद करा. दोन कागद शेजारी धरले की वादी म्हणजे काय हे कोणी शिकवावं लागत नाही. मला यात तीन रात्री गेल्या. त्यांचंच भूपातलं ‘सहेला रे’ तोवर मी फक्त एक गोड गाणं म्हणून ऐकत होतो.

भूप-देशकार जमलं की मारवा, पुरिया आणि सोहनी. तिघांतही पंचम नाही, रिषभ कोमल, मध्यम तीव्र. मारव्यात रिषभ आणि धैवत पुढे, षड्ज (सा) बराच वेळ लपवलेला, त्यामुळे दिवस मावळताना जी एक हुरहुर असते ती त्यात भरून राहते. पुरियात गांधार आणि निषाद, चाल खालच्या सप्तकात. सोहनी वरच्या षड्जाभोवती, चपळ, रात्र सरताना. सोहनी तुम्ही ऐकलेली आहे. ‘मुघल-ए-आझम’मधलं बडे गुलाम अली खाँसाहेबांचं ‘प्रेम जोगन बन के’ सोहनीतच आहे. तिथून सुरुवात करा. पुरिया आणि मारवा दोन्ही अमीर खाँसाहेबांचे घ्या, म्हणजे गळा एकच राहील आणि फरक फक्त रागाचा उरेल. त्यांच्या एलपीवरचा मारवा, ‘पिया मोरे अनत देस’, माझ्या संग्रहातलं सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं रेकॉर्डिंग आहे.

मारव्याच्या पानावर मी आणखी एक नाव लिहून ठेवलं आहे, वसंतराव देशपांडे. जन्म २ मे १९२०, मूर्तिजापूर. म्हणजे आपल्याच वऱ्हाडातले, नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकलेले. ‘कट्यार काळजात घुसली’मधले खाँसाहेब सगळ्यांना माहीत असतात, पण त्यांचा मारवा माहीत असतोच असं नाही. अमीर खाँसाहेबांच्या संथ, आत वळणाऱ्या मारव्यानंतर वसंतरावांचा ऐका. तोच रिषभ, तोच धैवत, पण गळा विजेसारखा, कुठे वळेल ते सांगता येत नाही. आपल्या भागातल्या कलाकाराचं असं एक रेकॉर्डिंग संग्रहात जरूर ठेवा. मूर्तिजापूरच्या स्टेशनावर गाडी थांबली की मला मारवाच आठवतो.

इथवर एकच पुस्तक पुरतं. पंधरा-वीस राग झाले की दुसरं लागतं, कारण रागांचं पुस्तक गायकांबद्दल फार सांगत नाही. मी वामनराव देशपांड्यांचं ‘घरंदाज गायकी’ घेतलं. १९६१ सालचं, मराठीत. त्यांनी घराण्यांना, म्हणजे गाण्याच्या गुरुपरंपरांना, स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये ठेवून पाहिलं आहे. स्वराच्या टोकाला किराणा, लयीच्या टोकाला आग्रा, आणि दोन्हींचा तोल साधणारं जयपूर. मी वहीत एक आडवी रेघ ओढली आणि माझ्याजवळची रेकॉर्डिंग तिच्यावर मांडली. बहुतेक सगळी किराण्याच्या बाजूला गोळा झालेली. आग्र्याचं एकही नव्हतं. संग्रह कुठे लंगडा आहे हे तेव्हा दिसलं. त्यानंतर फैयाज खाँसाहेबांच्या तबकड्या आल्या, ग्वाल्हेरचे द. वि. पलुसकर आणि मालिनी राजूरकर आले, जयपूरचे मल्लिकार्जुन मन्सूर आले.

पण पुस्तकाचा कल ओळखून वाचा. वामनराव स्वतः मोगूबाई कुर्डीकरांकडे शिकले होते. जयपूर घराण्याबद्दल ते जे लिहितात त्यात शिष्याचं प्रेम आहे, आणि ते असणारच. मी त्यांच्या मताजवळ पेन्सिलीनं खूण करून ठेवतो आणि ऐकून झाल्यावर माझं मत लिहितो. बऱ्याचदा त्यांचंच बरोबर निघतं. आग्र्याबद्दल मात्र माझं मत वेगळं झालं. फैयाज खाँसाहेबांच्या नोम्-तोम् (शब्दांऐवजी अशा अक्षरांवर केलेल्या) आलापीत जो भारदस्त स्वर लागतो, तो ऐकून त्यांना नुसतं लयीच्या टोकाला बसवणं मला पटत नाही. कुमार गंधर्वांना कुठे ठेवावं याचा मी दोन वर्षं विचार केला आणि शेवटी त्यांच्यासाठी वेगळं पान केलं.

एक अडचण येईल. पुस्तकं ज्यांच्याबद्दल पानंच्या पानं लिहितात, त्यांतल्या काहींचा आवाज उरलेलाच नाही. जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब १९४६ पर्यंत होते, पण त्यांनी ध्वनिमुद्रिका दिली नाही. तिथे शिष्यांकडे वळायचं. केसरबाई केरकर, मोगूबाई, आणि खाँसाहेबांच्या मुलांकडे, मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांच्याकडे, शिकलेले मन्सूर. तिघांना एकाच रागात ऐकलं की जे तिघांत सारखं आहे ते त्या न ऐकलेल्या गळ्याकडून आलं असावं, असा अंदाज बांधता येतो. केसरबाईंची भैरवी, ‘जात कहाँ हो’, १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबरच्या तबकडीवर अवकाशात गेली. तीही साडेतीन मिनिटांच्या आतबाहेरचीच.

मिळवायचं कुठून, हे थोडक्यात सांगतो. जुन्या तबकड्यांचं गाणं इंटरनेट अर्काइव्हवर बरंच आहे. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो, त्यानंतर ते मुद्रण मोकळं होतं. त्यापेक्षा नवं असेल ते विकत घ्या किंवा ज्यांनी काढलं त्यांच्याच अधिकृत ठिकाणी ऐका. कलाकारांच्या घरच्यांना त्यातून काही मिळतं. एचएमव्ही या जुन्या तबकडी कंपनीचा सगळा साठा आता सारेगामा या नावानं आहे.

कॅसेटना हसू नका. अमरावती-नागपूरला जुन्या घरांतून त्या अजून निघतात, आणि पुण्याच्या अलूरकरांनी काढलेल्या कॅसेटवर जे गाणं आहे ते शोधून ठेवण्यासारखं असतं. कॅसेट मिळाली की लगेच वाजवू नका. आधी पेन्सिल घालून फीत हातानं पुढे-मागे फिरवून मोकळी करा. टेपला दाबून धरणारा स्पंजचा तुकडा जागेवर आहे का पाहा. पांढरी बुरशी असेल तर ती कॅसेट चांगल्या प्लेअरमध्ये घालू नका, हेड खराब होईल. आवाज बंद खोलीतून आल्यासारखा येत असेल तर हेडच्या शेजारचा छोटा स्क्रू अगदी किंचित फिरवून पाहा. तानपुऱ्याचा झंकार उघडा ऐकू आला की थांबा. मग प्लेअरच्या लाइन आउटमधून संगणकात वायर, आणि ऑडॅसिटी हे फुकटचं सॉफ्टवेअर. मूळ फाइल फ्लॅक या प्रकारात ठेवा. सीडीच्या मापाचं गाणं मिनिटाला दहा एमबी जागा खातं, फ्लॅकमध्ये ते साधारण निम्म्यावर येतं आणि काही हरवत नाही. वावरात न्यायच्या कार्डासाठी एमपी-३ चालतं.

आलेलं प्रत्येक रेकॉर्डिंग पुस्तकाशी ताडून पाहिल्याशिवाय संग्रहात घेऊ नका. नावं सर्रास चुकीची असतात. माझ्याकडे ‘पुरिया’ नावाची एक फाइल आली. छान गाणं, मी दोन महिने पुरिया म्हणूनच ऐकलं. एका रात्री पुस्तकातलं पान पुन्हा वाचलं, पुरियात पंचम वर्ज्य, आणि गायक तर पंचमावर आरामात बसला होता. तो पुरिया धनाश्री होता. दुसरी तपासणी गतीची. तबकडी किंवा फीत उतरवताना वेग चुकला की सूर वर-खाली सरकतो. पेटीवाल्या काकांकडे फाइल न्यायची, ते षड्ज शोधतात. पुरुष गायकाचा षड्ज बहुधा पेटीच्या काळी एक या पट्टीच्या आसपास असतो. तो काळी तीनला लागला, तबला घाईत वाटला आणि आवाज बारीक झाला, तर शंका घ्यावी. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या बाबतीत सांभाळा, त्यांचा स्वर मुळातच उंच होता.

तपासून झालं की नोंद. राग, ताल, बंदिशीचं तोंड, कलाकार, तबल्यावर आणि पेटी-सारंगीवर कोण, वर्ष, कंपनी, लांबी, कुठून आलं. वर्ष माहीत नसेल तर ती जागा रिकामी ठेवा, अंदाज लिहू नका. सगळ्यात जुन्या तबकड्यांवर कलाकार शेवटी स्वतःचं नाव सांगत. १९०२ साली कलकत्त्यात पहिली ध्वनिमुद्रणं झाली तेव्हा गौहर जान ‘माय नेम इज गौहर जान’ म्हणाली, कारण तबकडी जर्मनीत हॅनोव्हरला तयार व्हायची आणि तिथल्या कामगारांना नाव कळायला हवं होतं. नोंदवहीची सुरुवात तिथूनच झाली म्हणा. शेवटच्या रकान्यात मी एक वाक्य लिहितो, हे का ठेवलं. वाक्य सुचत नसेल तर ते रेकॉर्डिंग आणखी महिनाभर बाहेरच राहतं.

आमच्या उन्हाळ्याचं भान ठेवा. नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) पत्र्याच्या खोलीत एलपी वाकते, कॅसेटची फीत लिबलिबीत होते. ज्या वस्तू फिरवायच्या नाहीत त्या मातीच्या भिंतीच्या खोलीत, जमिनीजवळच्या कपाटात, उभ्या ठेवा. संपूर्ण संग्रहाची एक प्रत गावाबाहेर असू द्या. माझी पुतणीकडे आहे.

पुस्तकातली ३१ पानं अजून कोरी आहेत. त्यातलं एक मेघचं. अमीर खाँसाहेबांचा मेघ, ‘बरखा रितु आई’, चार वर्षांपासून कार्डावर आहे, पण ऋतूचा राग ऋतूतच ऐकायचा असं मी ठरवलं आहे, म्हणून मृगाच्या पहिल्या पावसाची वाट पाहतो. गेल्या वर्षी पाऊस आला, मोटर बंद केली, खोलीत बसून मेघ लावला, आणि टिनावरच्या आवाजात विलंबितातलं काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. या वर्षी मे महिन्यातच टिनावर तुराट्या टाकून त्यावर ज्वारीचा कडबा चांगला हातभर अंथरून ठेवला आहे.